मुका दिवा

माझ्या मोटारींत चालकाच्या डोळ्यांसमोर जी कांच आहे, तिच्यामागें लहान लहान दिव्यांची एक वस्तीच आहे. किल्ली फिरविली कीं ते सारे एकदम लागतात आणि तीन-चार सेकंदांत विझून जातात. शाळेंतल्या हजेरीसारखाच हा प्रकार. प्रत्येकानें "हजर" म्हणावें आणि खालीं बसावें. गाडी घेऊन चार वर्षें झालीं होतीं, तरी ह्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें मला ठाऊक नव्हतीं. वाड्यांतल्या बिऱ्हाडकरूंचीं नांवें भांडण झाल्यावांचून कळत नाहींत, तसेंच ह्या दिव्यांचेंहि आहे.

त्यांतल्या एकाशीं माझी ओळख 2021 च्या दिवाळींत खंबाटकीच्या घाटांत झाली. माझे मामा साताऱ्याला असतात. त्यांना आतां प्रवास झेपत नाहीं, म्हणून भाऊबिजेला ओवाळण्यासाठीं आईच त्यांच्याकडे जाते. ती मागच्या आसनावर ताटाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घाटाचें दुसरें वळण घेतों न घेतों तोंच "टिंग" असा आवाज झाला आणि समोर एक तांबडें चित्र उजळलें. लहानशी चौकोनी टाकी आणि तिच्यांत दोन लाटा.

"अरे, कसली घंटा झाली?" आईनें विचारलें.

"पाणी कमी झालंय म्हणते गाडी."

"मग थांब कीं! तहानलेल्याला चढावर पळवूं नये."

आईच्या पिढीला हें शिकवावें लागत नाहीं. 1948 सालच्या 1 जूनला पुणें-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी धांवली, आणि त्यानंतरचीं तीस-चाळीस वर्षें महाराष्ट्रांतल्या प्रत्येक घाटांत त्या गाड्यांचें पाणी पिणें हा प्रवासाचा एक विधीच होता. लहानपणीं वरंध्याच्या घाटांतून महाडकडे जातांना मीं तो कितीदां तरी पाहिला आहे. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकीत थांबे. चालक खालीं उतरून ओलें गोणपाट हातावर गुंडाळी, तोंड दुसरीकडे फिरवी आणि झांकण अर्धाच आटा सैल करी. मग जो फुसकारा सुटे, त्यानें खिडकींतून वांकून पाहणारीं आम्ही सारीं पोरें मागें सरत असूं. कोणी प्रवासी झऱ्यावरून पत्र्याच्या डब्यांत पाणी आणून देई. त्या काळीं गाडी तहानलेली आहे हें सांगायला दिवा लागत नसे.

मीं गाडी बाजूला घेतली, यंत्र बंद केलें आणि अर्धा तास थांबून मग बॉनेट उघडलें. पूर्वीच्या रेडिएटरच्या डोक्यावरचें झांकण आतां बहुतेक गाड्यांत गेलें आहे. त्याच्या जागीं बाजूला दुधी रंगाची एक पारदर्शकशी टाकी असते, आणि तिच्या अंगावर दोन रेघा. वरची रेघ जास्तींत जास्त पाण्याची, खालची कमींत कमी पाण्याची. आंतला गुलाबी द्रव त्या दोन रेघांच्या अगदीं मध्यावर शांतपणें उभा होता. मी एकदां टाकीकडे पाहिलें, एकदां आंत वांकून दिव्याकडे पाहिलें. डोळे म्हणत होते पाणी आहे. दिवा म्हणत होता नाहीं.

घाट संपून सपाटी लागली आणि दिवा आपण होऊन विझला. साताऱ्याला जेवणाच्या गडबडींत मी तो विसरूनहि गेलों.

ह्या दिव्याला मी पुढें बराच काळ क्षुल्लक समजत होतों, म्हणून तो काय राखतो हें येथेंच सांगून टाकतों. मोटारीच्या यंत्रांत सुमारें नव्वद अंश उष्णता असावी अशी योजना असते. साधें पाणी शंभर अंशांना उकळतें. त्यांत निम्मे ग्लायकॉल मिसळलें कीं उकळण्याची पायरी सुमारें एकशेंसात अंशांवर जाते, आणि टाकीचें झांकण आंत दाब धरून ठेवतें त्यामुळें ती आणखी वीस-पंचवीस अंशांनीं वर सरकते. म्हणजे आंतला द्रव शंभर अंशांच्या पुढें गेला तरी द्रवच राहतो आणि निमूटपणें उष्णता वाहून नेतो. हा द्रव कमी झाला, तर यंत्राचें डोकें वांकडें होतें, सांधे फाटतात आणि हजारों रुपयांचें लोखंड कांहीं मिनिटांत निरुपयोगी होतें. झांकण गरम असतां उघडूं नये तें ह्याचसाठीं. दाब सुटतांच तोच शांत द्रव वाफ होऊन तोंडावर येतो. एस्. टी. च्या चालकाचें गोणपाट म्हणजे नुसती संवय नव्हती.

साताऱ्याहून परतल्यावर आठ दिवसांनीं एका गार सकाळीं दिवा पुन्हा लागला. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर विझला. मग हें रोजचेंच झालें. मी गाडी कारखान्यांत नेली. तेथील तरुण गृहस्थ अत्यंत नम्र होते. त्यांनीं टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली, दिवा विझवून दाखविला आणि बिल हातीं दिलें. दिवा सुमारें दोन आठवडे गप्प राहिला. दुसऱ्या खेपेस त्यांनीं टाकीच्या तोंडाला हातपंप लावून आंत दाब भरला आणि पंधरा मिनिटें कांटा पाहत बसले. कांटा हलला नाहीं, म्हणजे गळती कोठेंच नव्हती. परंतु दिवा तर लागतो! तेव्हां "खबरदारी म्हणून" पाण्याचा पंप आणि रेडिएटर दोन्ही बदलावे, खर्च अठरा हजारांच्या घरांत येईल, असें त्यांनीं त्याच नम्रतेनें सुचविलें. ज्या पंपांतून थेंबहि गळत नव्हता तो बदलल्यानें दिवा कां विझावा, असें मीं विचारलें. त्यावर, "सर, सिस्टिम तसं दाखवते," असें उत्तर मिळालें. सिस्टिम हा आपल्या काळचा ब्रह्मवाक्याचा अवतार आहे; त्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. मी मान डोलावून घरीं आलों.

2022 च्या फेब्रुवारीपर्यंत दिवा अष्टौप्रहर लागूं लागला. पाणी रोज पाहावें, तें रेघेवर. आणि दिवा रोज तांबडा. दर वळणावर तें "टिंग" ऐकून माझें डोकें उठे. शेवटीं हमरस्त्याच्या कडेला झाडाखालीं बसणाऱ्या एका मिस्त्रीला मीं गाडी दाखविली. त्यानें टाकींत डोकावून पाहिलें, हंसला, टाकीच्या बुडाशीं असलेली तारांची जोडणी सोडविली, दोन्ही तारा सोलून त्यांना एकमेकींत पीळ घातला आणि वर काळी पट्टी गुंडाळली. दिवा विझला.

"साहेब, आतां जन्मांत लागायचा नाहीं," तो म्हणाला.

मीं दोनशें रुपये दिले. अठरा हजारांच्या जागीं दोनशें! त्या दिवशीं मीं ही हकीकत निदान पांच जणांना तरी मोठ्या अभिमानानें सांगितली असेल. ऐकणाऱ्यांपैकीं प्रत्येकानें मिस्त्रीच्या अनुभवाची वाहवा केली आणि कारखान्यांतल्या शिकलेल्या लोकांची टर उडविली. शिकलेल्या माणसांची फजिती शिकलेल्या माणसांना जितकी आवडते तितकी दुसऱ्या कोणाला आवडत नसेल.

गंमत अशी कीं, किल्ली फिरविल्यावर तो दिवा इतरांबरोबर पूर्वीप्रमाणेंच क्षणभर लागे आणि विझे. हजेरीच्या वेळीं "हजर" म्हणणारा विद्यार्थी मुका झाला आहे हें कोणाच्या लक्षांत येणें शक्यच नव्हतें.

ह्या दिव्यांना अमेरिकेंत पूर्वींपासून एक टोपणनांव आहे, त्याचा अर्थ "मूर्खांचे दिवे" असा होतो. त्यामागें थोडा इतिहास आहे. 1910 च्या दशकांत तिकडे रेडिएटरच्या झांकणावरच बसविण्याचा बॉइस मोटोमीटर नांवाचा एक उष्णतामापक निघाला होता. गाडीच्या नाकाच्या टोंकावर तो उभा असे आणि चालक समोरच्या कांचेंतून त्याचा तांबडा स्तंभ चढतांना-उतरतांना पाहत असे. पुढें तो कांट्याच्या रूपानें गाडीच्या आंत आला. मग 1930 च्या दशकांत हडसन गाड्यांनीं तेलाच्या दाबाचे आणि विजेचे कांटे काढून त्यांच्या जागीं नुसते दिवे बसविले. आणि हळूहळू सगळीकडे हीच रीत पडत गेली. जाणत्या चालकांना हा अपमान वाटला. कांटा "किती" तें सांगतो. दिवा "आहे" किंवा "नाहीं" एवढेंच सांगतो, आणि तेंहि उशिरां. माझ्या गाडींत उष्णतेचा कांटा मुळींच नाहीं. आहेत ते दोन दिवे; एक पाणी कमी झाल्याचा आणि दुसरा यंत्र तापल्याचा. त्यांतला पहिला मीं मुका केला होता.

आमची मुलगी त्या वर्षीं गाडी चालवावयास शिकली. तिचा हात चांगला बसला, आणि मे महिन्यांत परीक्षा संपल्यावर ती आजीला घेऊन कोल्हापूरला गेली. तेथें माझी मावशी राहते. पुण्यापासून सुमारें सवादोनशें किलोमीटर; वाटेंत तोच खंबाटकीचा घाट, आणि वर मे महिन्याचें ऊन. चौथ्या दिवशीं दोघी सुखरूप परत आल्या. आईनें आल्याबरोबर "पोर गाडी तुझ्यापेक्षां संथ चालवते" असा शेरा मारला आणि पन्हाळ्याच्या हवेचें वर्णन सुरू केलें.

त्यानंतरच्या शनिवारीं मुलगी गाडी धूत होती. नव्या चालकाच्या उत्साहानें तिनें बॉनेटहि उघडलें होतें. थोड्या वेळानें तिनें मला हांक मारली.

"बाबा, ही काळी पट्टी कसली?"

मीं ती सारी हकीकत तिला सांगितली. कारखान्यांतले नम्र गृहस्थ, अठरा हजार, झाडाखालचा मिस्त्री, दोनशें रुपये. इतरांना सांगितली त्याच रंगतीनें सांगितली. पण ती हंसली नाहीं. हातांतलें फडकें पिळीत तिनें विचारलें, "म्हणजे आम्ही कोल्हापूरला गेलों तेव्हांहि ही अशीच होती?"

"हो. पण पाणी भरलेलं होतं. निघतांना मीं स्वतः पाहिलं होतं."

"निघतांना. आणि वाटेंत?"

मी कांहीं बोललों नाहीं.

"वाटेंत नळी फुटली असती तर मला कसं कळलं असतं? माझ्याबरोबर आजी होती, बाबा."

ती रागानें बोलली असती तर बरें झालें असतें. तिनें तें अगदीं साध्या, हिशेब विचारावा तशा आवाजांत विचारलें आणि पुन्हा कांच पुसूं लागली.

त्या रात्रीं मी गाडीबरोबर आलेलें माहितीपुस्तक प्रथमच उघडलें. तापल्याचा दिवा आहेच ना, अशी मीं मनाची समजूत घालीत होतों. पुढें वाचतां वाचतां तीहि गेली. उष्णता मोजणारें टोंक द्रवांत बुडालेलें असावें लागतें. द्रव भराभर निघून गेला तर तें टोंक रिकाम्या पोकळींत राहतें, आणि यंत्र आंतून करपत असतां तें कमी उष्णता सांगूं शकतें. म्हणजे ज्या प्रसंगासाठीं दुसऱ्या दिव्यावर भिस्त ठेवायची, नेमक्या त्याच प्रसंगीं तोहि चकण्याचा संभव. कराडच्या पुढें भर दुपारीं गाडी बंद पडली आहे, मुलगी रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि आई आंत घामाघूम झाली आहे, असें चित्र मला पहांटेपर्यंत दिसत राहिलें. मागून भरधांव येणाऱ्या मालमोटारीहि त्यांत होत्या.

आमच्या शेजारीं आप्पा राहतात. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यांतून निवृत्त झाले आहेत. सोलापूरकडे त्यांची सारी नोकरी गेली. रविवारीं सकाळीं मी त्यांच्याकडे गेलों आणि सर्व कबूल केलें. माझी गोष्ट ऐकून न हंसणारे ते दुसरे गृहस्थ.

"तार जोडून दिवा विझवला?" ते म्हणाले. "आमच्याकडे ह्याला निलंबन होतं."

मग चहा येईपर्यंत त्यांनीं मला त्यांच्या खात्याचें मूळ तत्त्व सांगितलें. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर हात आपल्या वजनानें धोक्याच्या जागीं जातो. "या" म्हणत कधींच राहत नाहीं. रुळांतून सौम्य वीज खेळवून गाडी कोठें आहे तें ओळखण्याची युक्ति विल्यम रॉबिन्सन नांवाच्या अमेरिकनानें 1872 सालीं काढली, तिचेंहि मर्म हेंच. वीज वाहते आहे तोंवरच मार्ग मोकळा. गाडीच्या चाकांनीं ती अडविली तर तांबडा दिवा, आणि रूळ मोडला, तार तुटली, बॅटरी संपली तरीहि तांबडाच. "बिघडायचं तर तांबड्या बाजूला बिघडायचं," आप्पा म्हणाले. "तुमच्या गाडीचा दिवा कोणत्या बाजूला बिघडतो तें आधीं पाहूं."

पण बॉनेट उघडण्यापूर्वीं त्यांनीं माझी उलटतपासणी घेतली. दिवा प्रथम केव्हां लागला? घाटांत, चढावर. मग? गार सकाळीं लागे, गाडी तापली कीं विझे. टाकी कांठोकांठ भरल्यावर? दोन आठवडे विझला. शेवटीं? कायमचा लागला. खड्ड्यांतून, गचक्यांवर लुकलुकत असे का? नाहीं. एखाद्या वैद्यानें नाडी धरून डोळे मिटावे तसे ते क्षणभर बसले.

"तार सैल असती तर गचक्याला लुकलुकला असता," ते म्हणाले. "गार-गरम ह्यांच्याशीं तारेला काय करायचंय? गरम झालं कीं द्रव फुगतो, टाकींत बोटभर वर चढतो. चढावर तो एका बाजूला कलतो. म्हणजे हा दिवा पाण्याची उंचीच बघतोय, पण चुकीच्या ठिकाणाहून. टाकींत कांहींतरी रोज थोडं थोडं बुडतंय."

ही टाकी पाणी कसें पाहते तें मला रात्रीच्या वाचनानें कळलें होतें. कांहीं गाड्यांत दोन धातूचे खिळे द्रवांत बुडविलेले असतात आणि त्यांच्यामधून द्रवांतून जाणारी वीज पाहिली जाते. त्या खिळ्यांवर कीट बसलें, किंवा टाकींत कोणी नुसतें शुद्ध पाणी भरलें, तर वीज नीट वाहत नाहीं आणि भरल्या टाकींतहि दिवा लागतो. आमच्या गाडींत ही तऱ्हा नव्हती. घराच्या टाकींत पाणी भरल्यावर नळ बंद करणारा जसा तरंगता गोळा असतो, तसा येथें प्लॅस्टिकचा एक पोकळ तरंगता तुकडा असून त्याच्या पोटांत लोहचुंबक असतें. जवळच, भिंतीआड, कांचेच्या बारीक नळींत लोखंडाच्या दोन नाजूक पात्या असतात. चुंबक जवळ आलें कीं त्या पात्या एकमेकींना चिकटतात, दूर गेलें कीं सुटतात. ही पात्यांची नळी अमेरिकेंतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत 1936 सालीं एल्वुड नांवाच्या संशोधकानें शोधून काढली. टेलिफोनसाठीं काढलेली ही युक्ति आज दारांत, पाण्याच्या टाक्यांत, मोटारींत, कोठें कोठें लपून बसलेली असते. आप्पांना ती अर्थातच ठाऊक होती.

यंत्र थंडगार होतें. आप्पांनीं काळी पट्टी सोडविली आणि तारा अलग केल्या. मुलगी आंत बसून दिव्यावर नजर ठेवून होती.

"लागला!" ती ओरडली.

तारा पुन्हा एकमेकींना टेकविल्या. "विझला!"

"म्हणजे तार तुटली तर दिवा लागतो," आप्पा समाधानानें म्हणाले. "ही गाडी ज्यानें आंखली तो आमच्या जातीचा माणूस आहे. आणि इथपासून दिव्यापर्यंत सगळं प्रामाणिक आहे. तुमच्या मिस्त्रीनें अर्धं निदान केलं होतं कीं! फक्त तिथंच थांबला."

मग त्यांनीं जोडणी पूर्ववत् केली. टाकी रेघेपर्यंत भरलेली असून दिवा लागला. आप्पांनीं खिशांतून एका जुन्या ध्वनिक्षेपकांतलें लोहचुंबक काढलें आणि टाकीच्या बाहेरून, पात्यांच्या नळीच्या अंगाला तें धरलें. आम्ही वाट पाहूं लागलों. पाणी हिंदकळल्यानें दिवा उगीच लुकलुकूं नये म्हणून गाडी थोडा वेळ खात्री करून घेते, ह्याची कल्पना असूनहि तो वेळ मला फार लांब वाटला.

"विझला!"

चुंबक काढलें, थोड्या वेळानें पुन्हा "लागला!"

एवढ्यानें निकाल लागला. तारा शाबूत, दिवा शाबूत, पात्या शाबूत. राहिला एकच, टाकींतला तो तरंगता तुकडा. तो वर येऊन पात्यांशेजारीं उभा राहावयाचा, तो खालींच बसला होता. दिव्यानें ह्या सहा महिन्यांत आपल्या परीनें एकहि खोटें विधान केलें नव्हतें. त्याला खालून जें कळविलें गेलें तेंच तो वर सांगत होता.

तो तुकडा टाकींतून वेगळा निघण्यासारखा नव्हता, म्हणून टाकीच नवी आणावी लागली. ती दोन हजारांच्या आंत आली. आप्पांनीं आणि मीं ती पुढच्या रविवारीं बसविली, निम्मे-निम्मे मिश्रण भरलें आणि दिवा विझलेला पाहून मीं हात धुवायला नळाकडे निघालों.

"कुठं चाललांत?" आप्पांनीं मला थांबविलें. "दिवा विझला म्हणजे काम झालं नाहीं. तो लागतो का तें पाहायचं राहिलं आहे."

त्यांनीं रबराची बारीक नळी आणि एक मोठी पिचकारी आणली होती. टाकींतला द्रव ते थोडा थोडा ओढून बाटलींत काढूं लागले. द्रव खालच्या रेघेला आला. रेघेखालीं गेला. आंतून कांहीं आवाज नाहीं. माझ्या छातींत उगीचच धडधडूं लागलें. आणखी एक पिचकारी. आणखी एक.

"लागला! बाबा, लागला!"

त्या तांबड्या दिव्याचा मला आयुष्यांत इतका आनंद होईल असें कोणी सांगितलें असतें तर मीं विश्वास ठेवला नसता. आई गॅलरींतून "काय झालं, काय झालं?" म्हणून विचारीत होती. मुलीनें तिला ओरडून सांगितलें, "आजी, दिवा लागतो आतां!" आईला त्यांतलें काय समजलें असेल तें असो, पण "बरं झालं हो," असें ती म्हणाली.

जुनी टाकी आप्पांनीं करवतीनें कापली. तरंगता तुकडा तळाशीं आडवा पडला होता. अंगठ्याएवढी ती डबी मीं कानाजवळ हालविली, तेव्हां आंत डुचमळलें. तिच्या सांध्यावर केसासारखी एक भेग होती, आणि त्या भेगेंतून दिवसाला एखादा थेंबच आंत जात असावा. पहिल्यानें ती थोडी जड झाली आणि केवळ चढावर चुकली. मग गार सकाळींहि चुकूं लागली. मग बुडाली. खालीं सांडलेला गुलाबी द्रव आप्पांनीं पाण्यानें स्वच्छ धुवून काढावयास लावला. तो चवीला गोड असतो आणि विषारी असतो; मांजरें-कुत्रीं तो चाटतात आणि मरतात.

ती डबी अजून माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. तिच्यांतला द्रव कधींच सुकून गेला.

2023 च्या गणपतींत मुलगी पुन्हा आजीला घेऊन कोल्हापूरला निघाली. पहांटेचे पांच वाजले होते. आई मागें बसून पिशव्यांची मोजदाद करीत होती. मुलीनें किल्ली फिरविली. सारे दिवे लागले, एकामागून एक विझले. तिनें यंत्र सुरू केलें नाहीं.

"बाबा, पाणी पाहिलंत का?"

"पाहिलं. वरच्या रेघेच्या जरा खालीं आहे."

"बरं," ती म्हणाली. मग किल्ली काढून ती खालीं उतरली, बॉनेट उघडलें आणि हातांतल्या विजेरीचा झोत टाकीवर धरून स्वतः वांकून पाहूं लागली. मी बाजूला उभा राहिलों.